डबीतले सहा दात

घरात डॉक्टर असला की दुखण्याची अर्धी भीती जाते, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. त्यांना दुखत नसतं.

बत्तिशीच्या घरात डॉक्टर होता आणि तो दातांचा होता. खालच्या मजल्यावर थोरल्या भावाचा दवाखाना, वरच्या मजल्यावर धाकट्याची कवळ्या बनवायची खोली. दादा खाली लोकांचे दात काढायचा आणि धाकटा वर बसून त्यांना नवे करून द्यायचा. गल्लीत चेष्टा चालायची की एक भाऊ उपटतो, दुसरा लावतो, गिऱ्हाईक काही घराबाहेर जात नाही. धाकट्याला बत्तिशी हे नाव त्याच गल्लीने दिलं. आधी चिडवायला, मग हाक मारायला. शेवटी त्याची बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर 'आमचे बत्तिशी' म्हणायला लागली, तेव्हा त्याने खऱ्या नावाचा नाद सोडला.

दोन मजल्यांमध्ये, जिन्याच्या पोकळीतून, दोरीला बांधलेली एक टोपली वरखाली व्हायची. खालून यायचा पेशंटच्या तोंडाचा ठसा आणि सोबत दादाची चिठ्ठी: वरची की खालची, कुठला दात, रंग कुठला. वरून जायची तयार कवळी. वीस वर्षं हे चाललं होतं, आणि कामापुरतं एकमेकांशी बोलायची वेळ दोघा भावांवर क्वचितच आली होती. दादाचं अक्षर मोत्यासारखं. डॉक्टराचं अक्षर वाचता येतं याचंच लोकांना नवल, आणि बत्तिशीला त्या अक्षराचा अभिमान होता, जणू ते त्याने स्वतः गिरवलेलं.

अभिमान वाटण्याचं कारणही होतं. वडील गेले तेव्हा बत्तिशी आठ वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. शाळा दादाने केली, आजारपणं दादाने काढली, लग्न दादाने लावून दिलं. एका म्हाताऱ्या कारागिराकडे कवळ्या शिकायला ठेवलं तेही दादानेच. त्या धंद्यात रीत अशी की शिकणाऱ्याने पहिला ठसा स्वतःच्या तोंडाचा घ्यायचा, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात तो लगदा कोंबताना त्याला कसं गुदमरतं ते आपल्याला ठाऊक असतं. त्या ठशावरून केलेला बत्तिशीचा प्लास्टरचा जबडा अजून त्याच्या फळीवर होता. सगळे दात जागेवर, उजवीकडची खालची एक दाढ किंचित वळलेली, आणि तळाला म्हाताऱ्याने खिळ्याने कोरलेली तारीख.

दुखणं सुरू झालं ते एका सकाळी दाढी करताना. उजव्या गालावरून पातं फिरलं आणि कानाच्या पुढून जबड्यापर्यंत वीज गेली. दोन सेकंद. पातं बेसिनमध्ये पडलं आणि बत्तिशी अर्ध्या गालाला फेस लावून आरशासमोर तसाच उभा राहिला. ओरडायलाही सवड मिळाली नाही, कारण ओरडावं असं ठरेपर्यंत ते संपलंही होतं. दुपारी पाण्याचा घोट घेताना पुन्हा. संध्याकाळी पंख्याचा वारा गालाला लागला तेव्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला आणि म्हणाला, "दादा, दाढ दुखतेय."

ही चूक त्याची स्वतःची. पुढे त्याने दादाला मनातल्या मनात काय काय ऐकवलं, पण दाढ हा शब्द आधी आपल्याच तोंडून गेला हे त्याला कधी नाकारता आलं नाही. त्या घरात दुसरा शब्दच नव्हता. जिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दातांखेरीज विषय नाही, तिथे माणूस कान दुखला तरी आधी दाढ चाचपतो.

"आ कर," दादा म्हणाला.

बत्तिशीने आ केला. दादाने आरशाच्या दांडीने एकेक दाढ ठोकून पाहिली. चौथ्या ठोक्याला वीज आली आणि बत्तिशी खुर्चीतून हातभर उडाला.

"सापडली," दादा म्हणाला. "वरून चांगली धडधाकट दिसते. कीड मुळाशी असणार."

टेबलाशी बसलेल्या वहिनीने रजिस्टरमध्ये लिहिलं: उजवी खालची दाढ, मुळाशी कीड, काढली. दादाने दाढ धुतली, पुसली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. "घे, तुझ्या कामाला येईल." कवळ्या करणारे खरे दात जपून ठेवतात, रंग जुळवायला उपयोग होतो. दात पाडून हातात देईन अशी लोक भांडणात धमकी देतात. दादाने ते प्रेमाने केलं.

आणि वाईट असं की गुण आला. पाच आठवडे वीज चमकली नाही. हे दुखणं आपल्या मर्जीने झोपतं आणि आपल्या मर्जीने उठतं, हे त्या घरात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दादा खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या बत्तिशीला विचारा. एक दाढ काढली, माणूस सुटला." बत्तिशीही वरून मान डोलवायचा. त्याने पाच आठवडे दोन्ही गालांची दाढी केली, कडक पावाचा तुकडा मोडून खाल्ला, बायकोशी पोटभर भांडला.

सहाव्या आठवड्यात वीज परत आली. दादा म्हणाला, शेजारची असणार. शेजारची काढली, तीन आठवडे बरे गेले. मग वरची. वरची काढायच्या आधी दादाने तिचा फोटो काढला आणि फिल्म खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

"काय दिसतं?" बत्तिशीने विचारलं.

"आहे," दादा म्हणाला. त्याने फिल्म खणात ठेवली आणि पकड उचलली. या वेळी आठ दिवससुद्धा बरे गेले नाहीत.

मग चौथा, पाचवा, सहावा. तीन वर्षांत उजवी बाजू खाली-वर ओसाड झाली आणि वीज जशीच्या तशी. आता ती दिवसातून तीस-चाळीस वेळा यायची. बत्तिशी उजव्या गालाची दाढी करत नव्हता, तोंड धूत नव्हता, बोलायचा तो डाव्या कोपऱ्यातून, तेही मोजकं. जेवण म्हणजे पातळ काहीतरी चमच्याने डावीकडून आत सोडायचं आणि देवाचं नाव घेत गिळायचं. भर उन्हाळ्यात घरातला पंखा बंद. बायको घामाने भिजून निघायची पण एका शब्दाने तक्रार करायची नाही. शेजारीण विचारायची, पंखा बिघडलाय का? बायको म्हणायची, हो, माणूस यायचाय दुरुस्तीला. तो माणूस तीन वर्षं यायचाच होता.

गल्लीला दयामाया बेताचीच. नाव त्यांनीच ठेवलेलं, मग हिशेबही तेच विचारणार. पानाच्या टपरीवरून एखादा ओरडायचा, "काय बत्तिशी, किती उरले?" पूर्वी त्याने सव्वा शेर उत्तर दिलं असतं. आता उत्तर द्यायचं तर ओठ हलवावे लागत होते.

एकदा, चौथ्या दातानंतर, त्याने भीत भीत विचारलं होतं, "दादा, बाहेर कोणाला दाखवू का?"

"दाखव की," दादा म्हणाला. "आणि जाता जाता गल्लीतही सांग. डॉक्टराचा सख्खा भाऊ दुसऱ्या डॉक्टराकडे निघालाय म्हणून."

त्यावर बत्तिशी वर निघून गेला. ज्याने वाढवलं त्याचं नाक कापायचं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, असं त्याला खरोखर वाटत होतं. वहिनीने जिन्यात गाठून समजावलं, "भाऊजी, मन दुसरीकडे गुंतवा. सारखं दुखण्याकडे लक्ष दिलं की दुखणं वाढतं." वहिनीला कधी ठेचही लागलेली बत्तिशीला आठवत नव्हती.

शेवटी हललं ते बायकोने हलवलं. सहावा दात काढून महिना झाला होता. एका सकाळी जेवताना त्याने चमचा खाली ठेवला आणि डाव्या कोपऱ्यातून म्हणाला, "मला असं वाटतं, झोपावं आणि उठूच नये." त्याच दुपारी तिने जावेला सांगितलं की माझ्या मावशीला बरं नाही, आम्ही दोघं बघून येतो. आणि नवऱ्याला गळ्याभोवती मफलर गुंडाळून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात घेऊन गेली, नसांच्या डॉक्टरबाईंकडे.

डॉक्टरबाईंनी तोंड उघडायला सांगितलंच नाही. त्यांनी नुसतं चेहऱ्याकडे पाहिलं.

"दाढी अर्धीच का केलीत?"

बत्तिशीने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "उजवीकडे हात लावता येत नाही त्यांना."

"वाऱ्याने होतं? बोलताना? पाणी पिताना? दोन-चार सेकंद आणि मग काहीच नाही?"

बत्तिशी मान हलवत राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं दुखणं त्यालाच सांगत होतं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"हे दाताचं नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चेहऱ्याची एक नस असते, दुखणं तिचं आहे. दात किती काढले?"

"सहा."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे पुष्कळ लोक दात काढूनच येतात. एक काढतात, दोन काढतात. सहा मी पहिल्यांदा ऐकतेय. कोणी काढले?"

बायकोने तोंड उघडलं, पण बत्तिशीने आधी उत्तर दिलं. "होता एक. बाहेरगावचा."

डॉक्टरबाईंनी तसं कागदावर लिहून घेतलं.  परत येताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या बाहेरगावच्या डॉक्टराला आज कोशिंबिरीत मीठ कमी लागलं म्हणून जाऊबाई माझ्यावर चिडल्या होत्या." बत्तिशीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर वीज आली.

डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी मात्र जादू केली. त्या त्याने मेणाच्या डब्यात लपवून ठेवल्या आणि सहा महिने माणसासारखा जगला. मग गोळी पुरेनाशी झाली. डोस वाढवला तशी चाल झुलायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले. एक दिवस त्याने एका कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला आणि टोपली खाली सोडली. टोपली तशीच वर आली, कवळी आणि चिठ्ठी घेऊन. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "लक्ष कुठे आहे?" वीस वर्षांत अशी चिठ्ठी कधी आली नव्हती. बत्तिशीला ती दुखण्यापेक्षा लागली.

डॉक्टरबाईंनी त्याला सर्जनकडे पाठवलं. सर्जन बोलायला रोखठोक माणूस होता. कानामागून कवटीला भोक पाडायचं, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करायची, मध्ये छोटी गादी घालायची. वीज जाते, बहुतेकांची कायमची जाते.

"पण तुमच्या बाबतीत एक घोळ आहे," सर्जन म्हणाला. "सहा दात निघालेत. दात ओढताना नस दुखावली तरी दुखतं, आणि त्या दुखण्याला हे ऑपरेशन चालत नाही. डोक्याच्या फोटोत रक्तवाहिनी दिसते खरी, पण अगदी स्पष्ट नाही. दुखणं आधी की दात आधी, आणि काढले तेव्हा ते दात कसे होते, एवढं मला काढणाऱ्याकडून लेखी आणा. दात चांगले होते असं असेल तर मी उद्या ऑपरेशन करतो. सडलेले होते, पू होता असं असेल, तर तुमचं दुखणं कशाचं ते मला सांगता येणार नाही. आणि जे सांगता येत नाही त्यासाठी मी कोणाची कवटी उघडत नाही. येत्या गुरुवारी आम्ही चार डॉक्टर बसतो. तोवर पत्र हवं."

म्हणजे सगळं एका कागदावर आलं. दादाच्या चार ओळींवर.

बत्तिशी त्या संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर खाली गेला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई, गोळ्या, सर्जन, पत्र. दादा हात धूत होता. तो धूतच राहिला.

"किती महिने चाललंय हे?"

"सात-आठ."

"माझ्या घरात राहून."

 दादाने हात पुसले, रुमालाची घडी घातली. "देतो पत्र," तो म्हणाला. "सकाळी पाठवतो."

 वर जाऊन बत्तिशी बायकोला म्हणाला, "बघ, तू उगीच दादाला नावं ठेवतेस. एका शब्दात हो म्हणाला." बायको म्हणाली, "पत्र येऊ द्या."

पत्र सकाळी टोपलीतून आलं. नेहमीचं मोत्याचं अक्षर, खाली सही आणि शिक्का. "सहाही दातांच्या मुळाशी कीड व पू आढळला. दात काढणे आवश्यक होते. दुखण्याचे मूळ दातांतच होते."

बत्तिशीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या ऐवजी त्याने खण उघडला, दादाने दर वेळी हातावर ठेवलेला दात तो ज्या डबीत टाकायचा ती काढली आणि आपले सहा दात टेबलावर ओतले. प्लास्टर कापायची बारीक करवत घेतली, पहिली दाढ चिमट्यात पकडली आणि मधोमध उभी चिरली. आतून ती पांढरीशुभ्र होती. दुसरी चिरली, तीही तशीच. डाग नाही, पोकळी नाही, मुळं खणखणीत. सहाच्या सहा, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावेत असे.

वीस वर्षं तो दात हाताळत होता. नुसत्या रंगावरून माणसाचं वय सांगायचा. आणि तीन वर्षं हे सहा दात त्याच्या खणात पडून होते, हातभर अंतरावर करवत होती, तरी एकही त्याने चिरून पाहिला नव्हता. पाहावं असं मनातच आलं नाही, कारण दादाने पाहिलं होतं.

दुपारी दवाखाना बंद असायचा त्या वेळी तो खाली गेला. दादा आणि वहिनी नुकतेच जेवून बसले होते. बत्तिशीने बारा अर्धुकं स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली आणि ट्रे दादासमोर ठेवला.

"पत्र बदलून दे, दादा," तो म्हणाला. वीज येत होती, तरी तो तोंडाच्या दोन्ही बाजूंनी बोलला. "चुकलो असं नको लिहूस. दात चांगले होते, एवढंच लिही."

दादाने ट्रे जवळ ओढला. एक अर्धुक उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. वहिनी रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवून बसली होती.

"तिसऱ्याच्या वेळीच कळलं होतं मला," दादा म्हणाला. "फोटो काढला तेव्हा. मूळ अगदी स्वच्छ होतं."

बत्तिशीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"मग तिसरी का काढलीस?"

"तिथे थांबलो असतो तर पहिल्या दोघांचं काय सांगणार होतो तुला? सगळ्या गल्लीला सांगून बसलो होतो."

"आणि चौथा?"

"वाटलं, चौथ्यात निघेलही कीड. निघाली असती तर सगळंच खरं ठरलं असतं."

"पाचवा? सहावा?"

दादाने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि आवाजात राग होता. रागावण्याचा हक्क दोघांपैकी कोणाचा हे त्यालाही ठाऊक असणार, तरी तो रागावला होता. "तू आ करून बसायचास," तो म्हणाला. "दर वेळी येऊन बसायचास आणि आ करायचास. एकदा तरी नाही म्हणायचंस."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, एक कागद गेला की तो दहा हात फिरतो. तीस वर्षांचं नाव आहे यांचं. तुम्हीच विचार करा."

"दुसरं काहीही माग," दादा म्हणाला. "ऑपरेशनला मी येतो, उशापायथ्याशी बसतो. पण हे मागू नकोस."

बत्तिशीने अर्धुकं गोळा केली आणि जिना चढून वर गेला. रडू यायला हवं होतं, पण रडलं की गाल हलतो.

गुरुवारी तो आणि बायको इस्पितळात गेले. बायकोच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा होता, बत्तिशीच्या खिशात डबी. अर्धुकं त्याने गुलाबी मेणाने पुन्हा जोडली होती. टेबलापलीकडे चार डॉक्टर बसले होते, त्यांत डॉक्टरबाई आणि सर्जन.

"पत्र आणलंत?" सर्जनने विचारलं.

"आणलंय, पण खोटं आहे," बत्तिशी म्हणाला आणि पत्राशेजारी दात मांडले. "खरं हे."

सर्जनने एकेक दात उलटापालटा करून पाहिला. "दात उत्तम आहेत. पण दातांवर नाव नसतं. हे तुमचेच कशावरून?"

बत्तिशीने टॉवेल सोडला. खिशातून मेणाची पट्टी काढली, तळहाताच्या उबेने मऊ केली, प्लास्टरच्या जबड्यातल्या त्या वळलेल्या दाढेवर दाबली आणि अलगद उचलली. मेणात दाढेचा खळगा उठला. खरी दाढ त्याने त्या खळग्यात ठेवली. ती बुटात पाय जावा तशी बसली, वळण वळणात आणि खाच खाचेत. मग दुसरी. मग वरची. चारही डॉक्टर उभे राहून बघत होते. इतकं चोख काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि त्याला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

"हे काढले कोणी?" सर्जनने विचारलं.

"माझ्या भावाने."

डॉक्टरबाईंनी आपली फाइल उघडली, 'बाहेरगावचा' यावर रेघ मारली आणि वर नवा शब्द लिहिला.

ऑपरेशन झालं. दादाला तारीख कोणी कळवली नाही. डोक्याला पट्टी बांधलेला बत्तिशी चौथ्या दिवशी खाटेवर बसला होता, तेव्हा बायकोने ओला रुमाल घेतला, जरा थांबली, आणि त्याच्या उजव्या गालावरून फिरवला. काही झालं नाही. तिने पुन्हा फिरवला. मग पंखा लावला. दोघं कितीतरी वेळ नुसते वाऱ्यात बसून राहिले, आणि दोघंही रडत होते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. महिन्याभराने उजव्या हिरडीत जळजळ सुरू झाली. वीज नव्हे, तर मिरचीचा हात लागून राहावा तशी आग, मंद, दिवसभर. बत्तिशी घाबरून सर्जनकडे गेला. सर्जनने काडीने हिरडी टोचून टोचून पाहिली.

"वीज गेली ती गेली," तो म्हणाला. "ही आग दात ओढताना दुखावलेल्या नसेची आहे. म्हणूनच मी त्या पत्रासाठी अडून बसलो होतो. हिला ऑपरेशन नाही. मलम देतो, गोळी देतो, थोडी कमी होईल. सवय करून घ्यावी लागेल. कुठे कुठे होते?"

बत्तिशीने जीभ फिरवून पाहिली. पहिल्या दोन जागा शांत होत्या. आग होती ती तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दाताच्या जागी. त्याने बोट ठेवून चारही जागा दाखवल्या. त्या जागांचं आणखी काही सांगायचं होतं, पण ते डॉक्टराच्या कामाचं नव्हतं.

काम पुन्हा सुरू झालं. टोपली वरखाली होऊ लागली, चिठ्ठीवर तेच अक्षर. एका सकाळी जिन्यात पावलं वाजली आणि दादा वर आला. तो वरच्या खोलीत कित्येक वर्षांत आला नव्हता. जरा धापा टाकत होता. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली छोटी कवळी काढली, उजव्या बाजूची, सहा दातांची.

"तुझा ठसा होता माझ्याकडे, सहावा काढल्यावर घेतलेला," दादा म्हणाला. "बाहेरून करून आणली. म्हटलं, तुला कशाला सांगायचं तुझंच काम करायला."

बत्तिशीने कवळीकडे पाहिलं. रंग एक छटा जास्त पांढरा होता आणि दाढ सरळ बसवलेली होती. बाहेरच्या माणसाला वळण कुठून कळणार. हिरडीच्या ज्या जागेवर ती टेकणार होती तिथे तर साधं पाणीही झोंबत होतं. दादाने ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगावं लागलं असतं, तेही बत्तिशीला माहीत होतं.

दादा जवळ आला. डाव्या हाताने त्याने भावाची हनुवटी धरली, आठ वर्षांचा असताना धरायचा तशी. "बसते का बघू. आ कर."

बत्तिशीचा जबडा आपोआप सैल व्हायला लागला. तो त्याने मिटून घेतला.

"अरे, आ कर."

"नाही," बत्तिशी म्हणाला.

दादाचा हात हनुवटीवर तसाच राहिला. बत्तिशीने तो बाजूला केला, दुसऱ्या हातातली कवळी काढून घेतली, रुमालासकट टोपलीत ठेवली आणि दोरी सोडली. टोपली पोकळीतून खाली गेली आणि टेकली. घ्यायला खाली कोणी नव्हतं. दादा वर उभा होता, आणि बत्तिशीने पुढचा साचा कापायला घेतला होता.